जेवण द्यायला येताय ना, मग पुढच्या आठवड्यातही या

नमस्कार मंडळी! आज जरा स्पष्टच बोलणारे. अनाथ मुलांना मदत म्हटलं की आपल्याला सण नाहीतर वाढदिवस आठवतो, मग एकाच दिवशी चार ग्रुप जेवण घेऊन अनाथाश्रमात हजर आणि पुढचे पंधरा दिवस कोणी फिरकत पण नाही. भूक काय कॅलेंडर बघून लागते का?

बरं, एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. युनिसेफ ज्यांना अनाथ म्हणतं त्यात आई-वडलांपैकी एकच गेलेली मुलंही धरतात आणि संख्येने तीच जास्त आहेत. म्हणजे घरी आई असते, आजी असते, काका-मामा असतात, फक्त चूल पेटायची पंचाईत असते, आणि मग पोरगं संस्थेत जातं ते घरच्यांना नकोसं झालं म्हणून नाही हो, खायला नाही म्हणून. 2009 साली संयुक्त राष्ट्रांनी पर्यायी संगोपनाची (म्हणजे आई-वडलांशिवाय मूल कुठे, कसं सांभाळायचं याची) मार्गदर्शक तत्त्वं मान्य केली त्यात हेच आहे, निव्वळ गरिबीपायी मुलाला घरापासून तोडू नका. तेव्हा त्या आजीच्या दारात दर महिन्याला किराणा पोचवणं, तिच्याबरोबर सरकारी कार्यालयात जाऊन कागदपत्रं करून देणं, हे मला मोठ्या पंगतीपेक्षा मोलाचं वाटतं. कंटाळवाणं आहे, मान्य. फोटोही चांगला येत नाही त्याचा! (आणि मुलांचे फोटो टाकूच नका प्लीज.)

आता जेवणाचं. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांचा दंड मोजायला एक रंगीत पट्टी मिळते, ती वापरायला शिकून घ्या. घेर 115 मिलिमीटरपेक्षा कमी भरला किंवा दोन्ही पावलांवर सूज दिसली तर ते तीव्र कुपोषण, तिथे आपली वाढायची हौस आवरायची आणि थेट दवाखाना गाठायचा. खूप उपाशी राहिलेल्या अशा मुलाला एकदम भरपेट खाऊ घातलं तर रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपकन उतरतं आणि जीवावर बेतू शकतं, म्हणून तिथे सुरुवातीला दर दोन-तीन तासांनी थोडं थोडंच देतात.

आणि पोट भरलं की झालं असंही नाही ना. रोमानियात बुखारेस्टला संस्थेतल्या 136 लहान मुलांचा अभ्यास झाला, त्यातल्या निम्म्यांना सांभाळणाऱ्या कुटुंबांत पाठवलं, तर साधारण दोन वर्षांची व्हायच्या आत घर मिळालेली मुलं बुद्धीने, मायेच्या नात्यांत बरीच सावरली. रोजचं एकच ओळखीचं माणूस लागतं त्यांना. दर आठवड्याला नवा ताई-दादा येऊन कडेवर घेणार, लाड करणार आणि गायब होणार, त्यापेक्षा तुम्ही स्वयंपाकघरात भांडी घासा, हिशेब लिहा, म्हणजे तिथल्या मावशींना मुलांजवळ बसायला वेळ मिळेल.

तर आधी फोन करून विचारा, कुठला वार रिकामा जातो, काय कमी पडतंय. जमेल तेवढंच कबूल करा, महिन्यातून एक वार असला तरी चालेल, आणि यायचं बंद करणार असाल तर मुलांना आधी सांगून, तुमच्या जागी येणाऱ्या माणसाची ओळख करून देऊन मगच थांबा.