आजीची बोरमाळ मोडायला निघालात? आधी एक मणी फोडून बघा

नमस्कार मंडळी! हे बघा. (मणी कॅमेऱ्याजवळ) बोराएवढा मणी, म्हणून बोरमाळ. दिसतो सोन्याचा. आता हाच फुटलेल्या बाजूनं बघा. आत काळपट तांबडं काय दिसतंय? ती लाख.

ही माझ्या आजीची माळ. आजी बेळगावजवळच्या खानापूरकडची. एकूण 31 मणी, त्यातले चार चेपलेले, एक फुटका. आई म्हणाली, नुसती डब्यात पडून आहे, मोड आणि काहीतरी नवीन कर. गेले एका सराफाकडे. काट्यावर माळ भरली 18 ग्रॅम आणि त्यांनी पैसे सांगितले 11 ग्रॅमचे! मला वाटलं, दिवसाढवळ्या लुबाडतायत. तरातरा बाहेर पडले. खरं तर त्यांचा हिशेब बरोबर होता, फक्त तो समजावून सांगायची तसदी त्यांनी घेतली नाही.

समजावलं बेळगावच्या शहापुरातल्या एका कारागीर मामांनी. बोरमाळेचा मणी भरीव नसतो. सोन्याचा पातळ पत्रा ठोकून दोन वाट्या करायच्या, त्या डाग देऊन जोडायच्या, दोन भोकं ठेवायची आणि आत गरम लाख भरायची. लाखेमुळे मणी सहजासहजी चेपत नाही आणि थोड्या सोन्यात माळ भरघोस दिसते. आमच्या सीमाभागात बोरमाळ, पाटल्या, बिलवर ही दागिन्यांची नावं कन्नड घरांतही चालतात, त्यामुळे हा हिशेब दोन्हीकडच्या आज्यांना लागू!

आणि हो, डाग म्हणजे कलंक नव्हे हं. डाग म्हणजे सांधा जोडायचं सोनं. ते आधी वितळावं म्हणून त्यात तांबं-चांदी जास्त घालतात. म्हणून जुना दागिना आटवला, म्हणजे वितळवला, की कस, म्हणजे सोन्याची शुद्धता, थोडा उतरतो. जितके सांधे जास्त, तितकी घट जास्त.

आता डिझाइन. माझ्या डोक्यात होतं की प्रत्येक मण्यावर एक बारीक बेलपान बसवायचं. वहीत चित्रसुद्धा काढलेलं, रंगबिंग भरून. मामांनी चित्र बघितलं आणि वही मिटली. "आच लावलीस तर लाख उकळून भायर येतंय बघ. न्हाईतर मणीच फुटतोय." झालं! लाख शंभर अंशांच्या आतच मऊ पडते आणि डाग द्यायला कित्येक शे अंशांची आच लागते. म्हणजे जुन्या मण्याच्या जवळ आग न्यायचीच नाही. जे काही जोडायचं ते वेगळं बनवायचं आणि शेवटी दोऱ्यात ओवायचं. या एका अडचणीनं माझं डिझाइन ठरवलं.

मग आलेखाच्या कागदावर खऱ्या मापात माळ काढली. तांब्याची तार वाकवून गळ्यात घालून बघितली. कागदावर छान दिसणारी लांबी गळ्यात भलतीकडेच पडते, म्हणून हे कधी टाळू नका. 26 चांगले मणी तसेच ठेवले. उरलेले पाच फोडले, लाख काढली. सोनं निघालं पावणेदोन ग्रॅमच्या आसपास. एवढ्यात होतं काय? दोन टोकांच्या टोप्या, कड्या आणि एक फासा, म्हणजे माळेची टोकं एकमेकांत अडकवायची कळ.

(मुशीचा व्हिडिओ) मुशीत, म्हणजे सोनं वितळवायच्या भांड्यात, सोनं, वर चिमूटभर टाकणखार (बोरॅक्स). शुद्ध सोनं 1064 अंशांना वितळतं, हे त्याच्या थोडं आधी. रस ओतून कांब केली, ऐरणीवर ठोकली, मग जंत्रीच्या, म्हणजे भोकं पाडलेल्या पोलादी पट्टीच्या, एकेका बारीक भोकातून तार ओढायची. ठोकून-ओढून सोनं ताठरतं, म्हणून मधे मधे तापवून मऊ करायचं. आमची तार दोनदा तुटली. मामा म्हणाले, जुन्या डागाची भेसळ. थोडं शुद्ध सोनं घालून पुन्हा आटवलं, तेव्हा कुठे ती केसासारखी निघाली.

हॉलमार्कबद्दल बरेच जण विचारतात. 2 ग्रॅमच्या आतल्या नगाला तो सक्तीचा नाही. पण सराफाकडून मोठा नवीन दागिना घेत असाल, तर सहा अक्षर-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतंत्र हॉलमार्क क्रमांक, बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

शेवटी माळ लाल रेशमात गाठवून घेतली. दोन मण्यांमध्ये गाठ, म्हणजे मणी एकमेकांवर घासत नाहीत. धुवायची असेल तर उकळतं पाणी नको, ओल्या फडक्यानं पुसा, बास.

मावशीला दाखवायला गेले तर ती दारातूनच ओरडली, "आईची माळ मोडलीस होय गं?" हातात दिली. तिनं एकेक मणी मोजला, 26 वर थांबली, माझ्याकडे बघितलं. मी फासा दाखवला. म्हटलं, बाकीचे पाच इथे आहेत. तिनं तो दोनदा लावला, दोनदा काढला.

"घट्ट हाय," म्हणाली, आणि माळ घालूनच चहा ठेवायला आत गेली.