टाळूची पट्टी आणि खरवसाचा तुकडा

"डॉक्टर, मना दात लांब व्हई ग्यात." अमळनेर-पारोळ्याकडचा पेशंट खुर्चीत टेकता टेकताच सांगतो. दात काही लांब होत नाहीत. हिरडी सरकते, मूळ उघडं पडतं आणि गार पाणी लागलं की कळ जाते. कडक ब्रशने खसाखसा घासणं, साचलेलं कीटण, आपल्याकडची मिसरी ही नेहमीची कारणं. काहींची हिरडी जन्मतःच पातळ असते.

सरकलेली हिरडी मलमाने परत येत नाही. तोंडातल्या टाळूच्या आतल्या थरातून पातळ पट्टी काढून ती उघड्या मुळावर ठेवायची, हिरडी ओढून तिच्यावर टाके घालायचे. लँगर आणि लँगर यांनी ही रीत १९८५ मध्ये मांडली, आजही तीच भरवशाची. पण मुळाच्या पृष्ठभागावर रक्तवाहिन्या नसतात. खडकावर रोप लावावं तसं ते. पहिले दोन-तीन दिवस पट्टी आजूबाजूच्या पाझरावरच तगते. आणि टाळूला जखम राहते ती वेगळीच. पेशंट हिरडीबद्दल कमी आणि टाळूबद्दल जास्त कुरकुरतात!

इथे पीआरएफ कामाला येतं, म्हणजे पेशंटच्याच रक्तातून काढलेला, प्लेटलेट्सनी (रक्त गोठवणाऱ्या बारीक पेशींनी) भरलेला फायब्रिनचा, गोठलेल्या रक्तातल्या धाग्यांचा, गोळा. आधीच्या पीआरपीत, म्हणजे प्लेटलेट्सनी भरलेल्या रक्तद्रवात, रक्त गोठू नये म्हणून औषध घालावं लागे आणि मग ते गोठवायला बहुतेकदा गाईचं थ्रॉम्बिन. फ्रान्सच्या जोसेफ शुक्रून यांनी २००१ मध्ये दोन्ही काढून टाकलं. दंडातून दहा मिलिलिटर रक्त घ्यायचं, लगेच मशीनमध्ये मिनिटाला २७०० फेऱ्यांनी बारा मिनिटं फिरवायचं. खाली लाल पेशी, वर पिवळं पाणी, मधे फायब्रिनचा गोळा. चिमट्याने उचलला की खरवसाच्या तुकड्यासारखा थरथरतो. दाबला की ओला पापुद्रा. त्यात अडकलेल्या प्लेटलेट्स जखम भरवणारी द्रव्यं आठवडाभर हळूहळू सोडत राहतात.

'लगेच' हा शब्द मी वीज गेल्यावर शिकलो. चौथ्या मिनिटाला मशीन थांबलं, रक्त नळीतच गोठलं, पेशंटला दुसऱ्यांदा सुई. दुसऱ्याच दिवशी इन्व्हर्टर आणला.

आता खरं सांगतो. घट्ट, जाड हिरडी हवी असेल तर टाळूची पट्टीच सरस. पापुद्रा तिची जागा घेतो असं मी म्हणणार नाही. मी तो टाळूच्या जखमेवर शिवतो. तिथे दुखणं कमी होतं, जखम लवकर भरते, हे स्पष्ट दिसतं. पट्टी काढायला पेशंट तयारच नसेल, तर नुसती हिरडी ओढण्यापेक्षा खाली पापुद्रा घातलेला बरा. दातांमधलं हाडच झिजलं असेल तर मात्र मूळ पूर्ण झाकलं जात नाही, काहीही घाला.

नंतर दोन आठवडे भरीत-भाकरी, शेवभाजी बंद. खिचडी, दूध, पिकलं केळं चालेल. त्या जागी ब्रश नाही.

हे ऐकायला बसलेल्यांपैकी मागच्या रांगेतून एक आजी विचारताहेत, "आनि मिसरी?"

आजी, ती दोन आठवडे नाही. ती कायमची.