व्याकरणाला मान्य, कानाला अमान्य

श्रोतेहो, नमस्कार.

लग्नाची मागणी घालणारा इंग्रज तरुण ‘आय वॉन्ट टू मॅरी यू’ असे म्हणतो. ‘युअर बिकमिंग माय स्पाउस इज व्हॉट आय वॉन्ट’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असून त्याचा अर्थही तोच आहे. तरीही तसे कोणी म्हणत नाही. अँड्र्यू पॉली आणि फ्रान्सिस सायडर या अभ्यासकांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात अशी उदाहरणे देऊन विचारले, की व्याकरणाने मोकळ्या ठेवलेल्या असंख्य वाटांमधून मातृभाषक नेमक्या रुळलेल्या वाटेनेच कसा जातो? त्यांचे उत्तर असे, की तो प्रत्येक वाक्य नव्याने जुळवीत नाही, तर हजारो तयार वाक्ये आणि वाक्यखंड त्याच्या स्मरणात असतात व बोलताना ते सबंध उचलले जातात. बोलण्यातील ओघही बराचसा त्यामुळेच येतो.

या निवडीमागे तर्क शोधू गेल्यास निराशाच होते. पाच वाजून चाळीस मिनिटांना इंग्रज ‘ट्वेंटी टू सिक्स’ म्हणतो. पाऊण तास झाला की ‘क्वार्टर टू सिक्स’ चालते. मात्र वीस मिनिटे म्हणजे तासाचा तिसरा हिस्सा असूनही ‘थर्ड टू सिक्स’ चालत नाही. (सव्वापाच, साडेपाच, पावणेसहा म्हणणाऱ्या आपणही तृतीयांशापाशी अडतोच.) पाऊस ‘हेवी’ असतो, वारा ‘स्ट्राँग’, चहा ‘स्ट्राँग’ चालतो, ‘पॉवरफुल’ नव्हे. कारण विचारल्यास इंग्रज माणूस बहुधा एवढेच सांगेल, की तसे बरे वाटत नाही.

बर्मिंगहॅम विद्यापीठातील जॉन सिंक्लेअर यांनी संगणकात साठवलेल्या प्रचंड मजकुराच्या आधारे १९८७ मध्ये कोबिल्ड शब्दकोश सिद्ध केला. वरवर सुटे दिसणारे अनेक शब्द बोलणाऱ्याच्या दृष्टीने एकच निवड असतात, असे त्यांचे प्रतिपादन होते. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. वाक्प्रचार म्हटले की आपल्या शाळांतून ‘रेनिंग कॅट्स अँड डॉग्ज’ शिकवले जाते. पण असा नटवा प्रयोग रोजच्या बोलण्यात क्वचितच येतो, तेथे ‘इट्स पोअरिंग’ एवढ्यावर काम भागते. सहजता अशा साध्या, लक्षातही न येणाऱ्या शब्दजोड्यांत असते.

या जोड्यांची गरज अर्थातच परभाषकांना आधी भासली. टोकियोत इंग्रजी अध्यापनाचे संशोधन करणारे हॅरॉल्ड पामर यांनी १९३३ मध्ये अशा शब्दसंयोगांवर सविस्तर अहवाल काढला. त्यांचे सहकारी ए. एस. हॉर्नबी यांनी इतरांसह रचलेला कोश १९४२ मध्ये जपानमध्येच छापला गेला. १९४८ पासून ऑक्सफर्डने प्रसिद्ध केलेला, आपल्या महाविद्यालयांतूनही वापरला जाणारा ‘ॲडव्हान्स्ड लर्नर्स’ कोश तो हाच.