पाच लाखांचं कार्ड आणि महिन्याच्या गोळ्या

(दृश्य: इंदूर, लोकमान्य नगर. औषधाच्या दुकानाचा काउंटर.)

काउंटरवर एका आजोबांनी गोळ्यांची रिकामी पाकिटं ओळीनं मांडलीत. एक रक्तदाबाचं, एक साखरेचं, एक कोलेस्टेरॉलचं. शेजारी आयुष्मान वय वंदना कार्ड, प्लास्टिकच्या कव्हरात जपून ठेवलेलं. दुकानदार कार्डावर नजर टाकतो.

“काका, हे इथे नाही चालायचं. अ‍ॅडमिट झालात तर चालेल.”

पाच लाखांचं कार्ड, आणि काहीशे रुपयांच्या गोळ्या मिळत नाहीत? काकांना हे पटणं कठीणच आहे. पण दुकानदार खरं सांगतोय.

आयुष्मान भारत योजना २३ सप्टेंबर २०१८ला सुरू झाली ती रुग्णालयात भरती होण्याच्या खर्चासाठी. २९ ऑक्टोबर २०२४पासून ७० आणि त्यापुढच्या वयाच्या सगळ्यांना, उत्पन्न न बघता, तिचं दार उघडलं. त्यांचं कार्ड ते हे वय वंदना. वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार मोफत. घरात आजी-आजोबा दोघंही सत्तरीपुढचे असतील, तर ही रक्कम दोघांत मिळून. ओ.पी.डी. मात्र यात नाही. डॉक्टरांची फी, नेहमीच्या तपासण्या, महिन्याची औषधं, सगळं खिशातून.

(दृश्य: डिस्चार्ज कार्ड, जवळून. औषधांच्या यादीवरून फिरणारं बोट.)

हा नियम कुठे टोचतो, ते हृदयाच्या रुग्णाला विचारा. समजा, अँजिओप्लास्टी झाली. स्टेंट, खाट, ऑपरेशन कार्डावर. भरतीच्या आधीच्या ३ दिवसांचा आणि घरी गेल्यावर १५ दिवसांपर्यंतच्या औषधांचा खर्चही पॅकेजात धरलेला. सोळाव्या दिवसाचं काय? रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्या तर पुढे कित्येक महिने घ्याव्या लागतात, आणि मनानं बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊ शकते. म्हणजे मोठा खर्च सरकारनं उचलला, आणि तो सत्कारणी लावणाऱ्या गोळ्या पेन्शनीतून आणायच्या. योजनेची ही बाजू लंगडी आहे, हे स्पष्ट बोललं पाहिजे.

डायलिसिस आणि केमोथेरपी यांना मात्र रात्रभर राहावं लागलं नाही तरी योजना लागू होते. त्यांची गणना ओ.पी.डी.त होत नाही.

(दृश्य: सी.जी.एच.एस.च्या केंद्रातली रांग. हातात पिशव्या.)

याच शहरात काही निवृत्त मंडळींना दर महिन्याच्या गोळ्या मिळतात. इन्कम टॅक्स, पोस्ट, एक्साइज, म्हणजे केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त झालेली ही माणसं. त्यांच्यासाठीची सरकारी आरोग्य योजना, सी.जी.एच.एस., १९५४मध्ये दिल्लीत सुरू झाली, आता इंदुरातही आहे. कागदोपत्री ‘वेलनेस सेंटर’, लोकांच्या तोंडी अजून ‘डिस्पेन्सरी’. इथे डॉक्टर तपासतात, औषधं देतात. एखादं औषध शिलकीत नसलं तर ठरलेल्या दुकानातून मागवून देतात. सत्तरीपुढच्यांना पॅनेलवरच्या रुग्णालयात तज्ज्ञाला दाखवायला रेफरल लागत नाही.

वर्गणी पगाराच्या लेव्हलप्रमाणे. सहाव्या लेव्हलला महिना ४५० रुपये, सात ते अकरापर्यंत ६५०. निवृत्तांनी १० वर्षांची रक्कम एकदम भरली की आयुष्यभराचं कार्ड. सहाव्या लेव्हलचे ५४,००० होतात, सातव्याचे ७८,०००. आकडा ऐकून पुष्कळ जण मागे सरतात. पण साखर आणि रक्तदाब दोन्ही असलेल्या जोडप्यानं आपली वर्षाची औषधांची बिलं एकदा जोडून बघावीत, मग ठरवावं. जिथे सी.जी.एच.एस. नाही अशा गावात राहणाऱ्या केंद्रीय पेन्शनरांना ओ.पी.डी.पोटी महिन्याला १,००० रुपये वैद्यकीय भत्ता मिळतो.

आणि इथेच सावध राहायला हवं. सी.जी.एच.एस. किंवा माजी सैनिकांची ई.सी.एच.एस. ज्यांच्याकडे आहे, त्यांना वय वंदना कार्डही हवं असेल, तर दोन्ही ठेवता येत नाहीत. एकच निवडायचं. शेजाऱ्यानं काढलं म्हणून आपणही काढलं, तर दर महिन्याची हक्काची औषधं हातची जातील. खासगी विमा असलेल्यांना ही अट नाही.

(दृश्य: नंदानगर. ई.एस.आय.सी. रुग्णालयाचं फाटक.)

नंदानगर, मिल कामगारांची जुनी वस्ती. इथल्या ई.एस.आय.सी.च्या, म्हणजे कामगारांच्या सरकारी विमा योजनेच्या, रुग्णालयाचा एक नियम पीथमपूरच्या कारखान्यांतून निवृत्त झालेल्या अनेकांच्या कानावरही आलेला नसतो. किमान ५ वर्षं विमाधारक असलेला कामगार निवृत्त झाला, की वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी आणि जोडीदारासाठी उपचार चालू ठेवू शकतो, ओ.पी.डी.सह. महिन्याला १० रुपये! निवृत्तीचा दाखला मात्र कारखान्यातून वेळेवर घेऊन ठेवावा. कारखाना बंद पडला की तो कोणाकडे मागणार?

(दृश्य: संजीवनी क्लिनिक. मग जनऔषधी केंद्राची पाटी.)

ज्यांच्याकडे यातलं काहीच नाही, त्यांना एम.वाय. या सरकारी रुग्णालयाची ओ.पी.डी. आहे, वस्तीतलं सरकारी संजीवनी क्लिनिक आहे. गर्दी असते, पण रक्तदाब-साखरेची तपासणी आणि साधी औषधं फुकट मिळतात. बाकीच्यांसाठी जनऔषधी केंद्र, म्हणजे स्वस्त जेनेरिक औषधांचं दुकान. तिथे जाण्याआधी डॉक्टरांकडून कंपनीच्या नावाऐवजी औषधाचं मूळ नाव लिहून घ्यावं.

उरलेल्या बिलांचा थोडा उपयोग इन्कम टॅक्समध्ये होतो. साठीपुढच्या ज्या व्यक्तीसाठी आरोग्य विम्याचा हप्ता भरलेला नाही, तिच्या औषधोपचारावरच्या ५०,००० रुपयांपर्यंतच्या खर्चाची वजावट जुन्या करपद्धतीत मिळते. मुलांनी आईवडिलांसाठी केलेला खर्चही चालतो. पैसे रोख दिलेले चालत नाहीत. तेव्हा औषधवाल्याला यू.पी.आय.नं द्यावेत, आणि त्याच्याकडून नावाचं पक्कं बिल मागून घ्यावं.