तुमचा अर्ज मिळाला

(दृश्य: जुना कागद, हस्ताक्षरातल्या ओळी. कॅमेरा सावकाश सरकतो.)

हे पत्र २८ जून १८८३ चं. लिहिणारी अठरा वर्षांची आहे आणि अमेरिकेत उतरून तिला अजून महिनाही झालेला नाही. ज्यांना लिहिलंय ते गृहस्थ फिलाडेल्फियाच्या वुमन्स मेडिकल कॉलेजच्या कारभारात आहेत. मागणं एकच, मला तुमच्या कॉलेजात घ्या.

शाळा म्हणावी तर तिची फारशी झालेली नाही. शिकवलं ते नवऱ्यानं, पोस्टातली कारकुनी सांभाळून, बदलीच्या गावांतून फिरता फिरता. अलिबाग, कोल्हापूर, कलकत्ता. प्रमाणपत्रांची चळत नाही, म्हणून ती दुसरंच काही पुढे करते. तिचं म्हणणं साधारण असं: आप्तेष्टांच्या आणि जातीच्या एकवटलेल्या विरोधाला न जुमानता ज्या निश्चयानं मला तुमच्या देशात आणलं, तो निश्चय पुढच्या कामातही बराच उपयोगी पडायला हवा. काम कोणतं, तर माझ्या देशातल्या बायकांना औषधोपचार. पुरुष डॉक्टरचे उपचार घेण्यापेक्षा त्या मरण पत्करतील.

हे तिनं कुठे वाचून लिहिलेलं नव्हतं. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला होता. दहा दिवस जगला.

आनंदीबाई गोपाळराव जोशी. नाव आपल्याला पाठ आहे, पाठ्यपुस्तकामुळे. अर्ज मात्र फार थोड्यांनी वाचलाय. परदेशातल्या बऱ्याच मेडिकल कॉलेजांच्या अर्जात आज 'मला डॉक्टर का व्हायचंय' यावर पानभर लिहावं लागतं, आणि ते पान पैसे घेऊन लिहून देणारेही असतात. त्या मंडळींनी हे पत्र एकदा वाचावं. आज ते ड्रेक्सेल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवलंय.

हिंदुस्थानात सोय नव्हती का? होती, थोडीशी. मद्रासच्या मेडिकल कॉलेजनं १८७५ मध्ये बायकांना वर्गात घेतलं होतं. अमेरिकेला निघण्याआधी, २४ फेब्रुवारी १८८३ ला, बंगालमधल्या सेरामपूरच्या सभेत आनंदीबाई यावरही बोलल्या. इथले शिकवणारे जुन्या मताचे आहेत, असं त्यांनी भर सभेत सांगून टाकलं. मग प्रश्न उरतो तो फिलाडेल्फियाचा. तिथे बायकांसाठी वेगळं मेडिकल कॉलेज १८५० पासून होतं. वेगळं काढावं लागलं, कारण बाकीच्या कॉलेजांचे दरवाजे बंद होते. ते कसे बंद होते, हे पाहायला आणखी थोडं मागे जावं लागतं.

(दृश्य: रिकामा व्याख्यान-वर्ग, लाकडी बाकं.)

ऑक्टोबर १८४७. न्यूयॉर्क राज्यातलं जिनिव्हा नावाचं गाव आणि तिथलं एक छोटं मेडिकल कॉलेज. फिलाडेल्फियाच्या एका नावाजलेल्या डॉक्टरांचं शिफारसपत्र येतं: एलिझाबेथ ब्लॅकवेल या बाईंना प्रवेश द्यावा. बाईंना त्याआधी एकामागून एक कॉलेजांनी परत पाठवलेलं. पुरुषाचा वेश करून पॅरिसला जा, असा सल्लासुद्धा कुणी कुणी दिला होता.

प्राध्यापकांना नकार द्यायचा होता, पण पत्र पाठवणारा मोठा माणूस. मग त्यांनी एक युक्ती काढली. डीन वर्गात आले आणि पत्र मुलांना वाचून दाखवलं. निर्णय तुमचा, म्हणाले. एकानंही विरोध केला तर प्रवेश नाही. शंभराहून जास्त मुलांत एक तरी विरोध करेलच, हा त्यांचा हिशोब.

मुलांना वाटलं, शेजारच्या कॉलेजच्या पोरांनी थट्टा केलीय. त्या काळी बहुतेक अशीच थट्टा चालत असावी. संध्याकाळी सभा भरली, टोलेजंग भाषणं झाली, आणि होकार एकमुखी आला. म्हणजे जवळजवळ एकमुखी. कोपऱ्यातून एक बारीकसा 'नाही' ऐकू आला. सगळा वर्ग त्या कोपऱ्यावर तुटून पडला. खाली दबलेला मुलगा शेवटी ओरडला, 'हो! माझं मत हो!' हा प्रसंग त्याच वर्गातल्या एका विद्यार्थ्यानं पुढे लिहून ठेवला, म्हणून आपल्याला कळतो.

ठराव मात्र गंभीर भाषेत झाला. शास्त्रीय शिक्षणाची दारं सर्वांना सारखीच उघडी असली पाहिजेत, वगैरे. काही आठवड्यांनी शांत चेहऱ्याची एक तरुणी खरोखरच वर्गात आली, तेव्हा गोंगाटासाठी प्रसिद्ध असलेल्या त्या वर्गात टाचणी पडली तरी ऐकू यावी अशी शांतता पसरली. जानेवारी १८४९ मध्ये तिला पदवी मिळाली. पुढे तिच्या धाकट्या बहिणीनं, एमिलीनं, त्याच कॉलेजात अर्ज केला. नामंजूर. चूक दुसऱ्यांदा करायची नव्हती.

(दृश्य: एडिनबरा, दगडी इमारतीचं फाटक.)

आता १८६९, स्कॉटलंड. सोफिया जेक्स-ब्लेक यांचा एडिनबरा विद्यापीठाला अर्ज. विद्यापीठाचं उत्तर वाचण्यासारखं आहे: एकट्या बाईसाठी वेगळी व्यवस्था करणं शक्य नाही. एकटी म्हणून नाही ना? मग जेक्स-ब्लेक यांनी वर्तमानपत्रांतून आवाहन केलं, आणखी कुणाला डॉक्टर व्हायचंय का. हळूहळू सात जणी झाल्या. विद्यापीठाला त्यांना घ्यावं लागलं. वर्ग वेगळे, फी पुरुषांपेक्षा जास्त.

त्यांतली एडिथ पीची. रसायनशास्त्राच्या परीक्षेत पहिल्यांदा बसणाऱ्यांमध्ये ती पहिली आली. पहिलेपणाची शिष्यवृत्ती तिच्या खालच्या मुलाला गेली. कारण? बाई वेगळ्या वर्गात शिकते. वेगळा वर्ग विद्यापीठानंच काढलेला, हे विसरू नका.

१८ नोव्हेंबर १८७० ला शरीररचनेची परीक्षा होती. सर्जन्स हॉलबाहेर शेकडोंचा जमाव. चिखलफेक, शिव्या, आणि या बायका फाटकाशी पोचताच ते तोंडावर आपटून लावलं गेलं. कसंबसं त्यांना आत घेण्यात आलं. परीक्षा सुरू असताना कुणीतरी सभागृहात एक मेंढी ढकलून दिली. प्राध्यापक हँडीसाइड म्हणाले, राहू द्या तिला, ज्यांनी आत पाठवली त्यांच्यापेक्षा अक्कल जास्त आहे तिला.

मेंढी राहिली. बायका राहिल्या नाहीत. १८७३ मध्ये न्यायालयानं निकाल दिला की पदवी देण्याचं बंधन विद्यापीठावर नाहीच, मुळात यांना प्रवेश देण्याचाच अधिकार विद्यापीठाला नव्हता. चार वर्षं शिकवून झाल्यावर. त्या सात जणींना एडिनबरानं पदवी दिली, पण ६ जुलै २०१९ ला. त्यांच्या वतीनं ती हातात घेतली तेव्हा तिथे शिकणाऱ्या विद्यार्थिनींनी.

(दृश्य: मुंबई बंदर. मग कामा इस्पितळाची इमारत.)

एडिनबराचा दरवाजा बंद झाल्यावर जेक्स-ब्लेक लंडनला गेल्या आणि १८७४ मध्ये त्यांनी स्वतःच कॉलेज काढलं, लंडन स्कूल ऑफ मेडिसिन फॉर वुमन. सोबत जी मंडळी होती त्यांत जिनिव्हाच्या एलिझाबेथ ब्लॅकवेलही होत्या. एडिथ पीचींनी बर्नहून पदवी आणि डब्लिनहून परवाना मिळवला, आणि डिसेंबर १८८३ मध्ये त्या मुंबईला आल्या. बायकांसाठी नवं इस्पितळ उभं राहत होतं, कामा, त्याची धुरा त्यांच्याकडे आली.

तारखा जरा शेजारी ठेवून पाहा. एप्रिलमध्ये आनंदीबाई वैद्यक शिकायला कलकत्त्याहून निघाल्या. त्याच वर्षाच्या अखेरीस पीची मुंबईत उतरल्या. वाटेत गाठ पडली नाही, पडली असती तर बोलायला पुष्कळ होतं. आनंदीबाईंचा अर्ज डीन रेचल बॉडली यांच्या कॉलेजात मंजूर झाला, ११ मार्च १८८६ ला पदवी मिळाली, कोल्हापूरच्या इस्पितळात नेमणूकही झाली. कामावर रुजू व्हायचं राहून गेलं. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीस वर्षंही पुरी झाली नव्हती.

तेव्हा मुंबईत वेगळाच खटला गाजत होता. रखमाबाई. अकराव्या वर्षी लग्न झालेलं, नांदायला जायला नकार. आनंदीबाई गेल्या त्याच्या पुढच्याच महिन्यात हायकोर्टानं सांगितलं, नवऱ्याकडे जा नाही तर सहा महिने तुरुंगात जा. रखमाबाई तुरुंग घ्यायला तयार झाल्या. १८८८ मध्ये दोन हजार रुपयांवर तडजोड झाली. आणि मग, खटल्यातून सुटलेल्या या बाईला डॉक्टर व्हायचं होतं.

पाठीशी एडिथ पीची उभ्या राहिल्या. १८८९ मध्ये रखमाबाई इंग्लंडला गेल्या. प्रवेश मिळाला तो जेक्स-ब्लेक यांनी काढलेल्या कॉलेजात. एकटीसाठी व्यवस्था होत नाही, असं इथे कुणी म्हणालं नाही. १८९४ मध्ये डॉक्टर होऊन त्या परतल्या. आधी सुरत, मग राजकोट. सगळं आयुष्य बायकांच्या इस्पितळांत गेलं.