पेरू पिकेपर्यंत

(पडद्यावर : लाकडी स्टूल. त्यावर निळ्या चौकड्यांचा पंचा, पितळी तांब्या, तीन हिरवे पेरू. आवाज फक्त पंख्याचा.)

रविवारची सकाळ. चटईवर अकरा मुलं बसली आहेत, सहा ते आठ वर्षांची. अजून कोणाच्याच हातात ब्रश नाही, कारण मी तो दिलेला नाही. पाच मिनिटं नुसतं बघायचं, असं आमचं ठरलं आहे.

“ताई, तो पेरू एका बाजूनं पिवळा आहे.”

“ताई, पंच्याचा निळा रंग तांब्यात आलाय!”

हे दिसलं, की मग रंग बाहेर निघतात.

आज आमच्या सोबतीला आहे पॉल सेझान. दक्षिण फ्रान्समधल्या एक्स-आं-प्रोव्हांस गावी १८३९ साली जन्मलेला आणि १९०६ साली तिथेच वारलेला चित्रकार. मुलांना मी आधी त्याच्या शाळेतली गोष्ट सांगते. वर्गातली मुलं एका मुलाला छळायची. सेझान त्याच्या बाजूनं उभा राहिला आणि त्यापायी मार खाल्ला. दुसऱ्या दिवशी तो मुलगा टोपलीभर सफरचंदं घेऊन आला. तो मुलगा म्हणजे पुढे मोठा कादंबरीकार झालेला एमिल झोला. सेझाननं ही आठवण उतारवयात सांगितली होती. ती ऐकली, की मुलांना त्याची सफरचंदं ओळखीची वाटू लागतात.

(पडद्यावर : सेझानचं चित्र, ‘सफरचंदांची टोपली’.)

हे चित्र १८९३च्या सुमाराचं. आज ते शिकागोच्या आर्ट इन्स्टिट्यूटमध्ये आहे. टोपली कललेली, बाटलीही एका अंगाला झुकलेली. आता टेबलाची पुढची कड बघा. कापडाच्या डावीकडून येणारी रेघ उजवीकडच्या रेघेला मिळतच नाही. मुलांच्या हे लगेच लक्षात येतं. “टेबल मोडलंय!”

मोडलेलं नाही. सेझान एकाच जागी खिळून बघत नव्हता. थोडं इकडून, थोडं तिकडून, थोडं वरून, असं जे जे दिसलं ते त्यानं एकाच कॅनव्हासवर जाणूनबुजून आणलं.

दोनेक मिनिटं चित्र दाखवते आणि पालथं घालून ठेवते. चित्र समोर राहिलं, की मुलं चित्राचंच चित्र काढतात. प्रिंट वाटून सफरचंदं रंगवून घेणं सोपं आहे, पण त्यात सेझानचं काहीच उरत नाही. त्यानं घरातली, रोजच्या वापरातली भांडी मांडली. त्याच्या स्टुडिओत त्याच्या वस्तू आजही जपून ठेवल्या आहेत. म्हणून आमच्या स्टुलावर आमचा तांब्या, आमचे पेरू.

(पडद्यावर : पेरूखाली नाणं सरकवणारा लहान हात.)

एक पेरू सारखा घरंगळतोय. त्यालाही सेझानकडे उपाय आहे. फळं हवी तशी कलती राहावीत म्हणून तो त्यांच्याखाली नाणी ठेवायचा. आम्ही रुपयाची दोन नाणी लावली. पेरूनं मान थोडी वर केली आणि थांबला.

ब्रश मी जाड देते, दहा नंबरचा. बारीक दिला, की मुलं आधी बाह्यरेषा काढतात आणि मग आतली जागा भरत बसतात. काळ्या रंगाची बाटली मात्र कपाटात. काळा नसला, की सावलीचा रंग शोधावा लागतो. पंच्यावरच्या सावलीत कोणाला जांभळा सापडतो, कोणाला गर्द निळा. सेझान फळाला गोलाई आणायचा ती अशीच, उबदार आणि थंड रंगांचे छोटे छोटे फटकारे शेजारी शेजारी ठेवून.

कोपऱ्यातल्या मुलीजवळ जाऊ या. तिच्या तांब्याचं बूड सरळ रेघेत आहे आणि तोंड पूर्ण गोल, थाळीसारखं. मी विचारलं, “तोंड असं दिसतंय का गं?” ती उठून उभी राहिली, तांब्यात डोकावली आणि म्हणाली, “आतलं पाणी दिसतंय ना.”

खरंच होतं. तिनं बूड बसून पाहिलं होतं आणि तोंड उभं राहून.

माझ्या लहानपणी असंच एक गोल तोंड खोडून तिथे लंबगोल काढून दिला गेला होता. लंबगोल बरोबरच होता, पण त्यानंतर मी तांब्यात डोकवायचं सोडलं. लंबगोल शिकू नये असं नाही. चित्रकलेच्या एलिमेंटरी परीक्षेला बसायच्या वयात मुलं तो आपणहून मागतात. सहाव्या वर्षी मात्र मला ते पाणी जपायचं आहे. सेझाननं पूर्ण विचारानं जे केलं, ते या मुलीच्या हातून आपसूक झालं. दोन्ही एकच नाही, हे मला कळतं. तरीही तिच्या कागदाला मी खोडरबर लावला नाही.

(पडद्यावर : पुढचा रविवार. तेच स्टूल.)

चित्र एका दिवसात संपवायचं नाही, हाही आमचा नियम. सेझान फार सावकाश काम करायचा. चित्रविक्रेता व्होलारचं चित्र काढताना त्यानं त्याला एकशे पंधरा वेळा बसवलं, असं व्होलारनंच लिहून ठेवलं आहे. मांडलेली फळं तर चित्र पुरं होण्याआधीच सडायला लागायची.

आमचे पेरू आठवडाभर तिथेच होते. दार उघडताच वास आला. हिरवा रंग जवळजवळ गेला होता, एकावर तपकिरी डाग. मुलं गप्प झाली. मग कोणीतरी पिवळ्याची बाटली मागितली आणि मागच्या रविवारच्या हिरव्यावरून रंग चढू लागला.

अकरा वाजता मी सुरी, मीठ आणि तिखट आणलं. दोन पेरू कापले. तिसऱ्याला हात लावला, तेवढ्यात सहा वर्षांचा एक मुलगा ब्रश तसाच हातात धरून स्टुलापुढे येऊन उभा राहिला.

“ताई, हा नको. माझा अजून व्हायचाय.”

(पडद्यावर : पंचा, तांब्या, नाण्यावर टेकलेला एक पिवळा पेरू.)