चर, नळी आणि काचेची तार

(दृश्य : रस्त्याकडेचा चर, जेसीबी, ब्रेकर)

तालुक्याहून वर घाटाकडे जाणारा रस्ता. त्याच्या कडेनं निघालाय भारतनेटचा, म्हणजे ग्रामपंचायतींपर्यंत इंटरनेटची केबल नेणाऱ्या सरकारी योजनेचा चर. खोली हवी १६५ सेंटिमीटर. काळ्या मातीत जेसीबी हे काम झटक्यात उरकतो. इथं मात्र हातभर खाली गेलं की कातळ. मग ब्रेकर लावा. तोही थकला, तर आहे त्या खोलीवर लोखंडी पाइप टाका आणि वरून काँक्रीट ओता.

(दृश्य : नळी, कॉम्प्रेसर)

चरात आधी रिकामी नळी पसरतात. मग तिच्यातून केबल पुढे सरकते ती कॉम्प्रेसरच्या हवेवर. नुसती ओढली तर आतली काचेची बारीक तार ताणली जाते.

(दृश्य : फिरणारा ड्रम)

ड्रम फिरतोय तोवर जुना हिशोब. ऑक्टोबर २०११ मध्ये केंद्रानं या जाळ्याला मंजुरी दिली. खर्च सुमारे २० हजार कोटी, मुदत दोन वर्षं, ग्रामपंचायती अडीच लाख. पहिल्या एक लाख पंचायती व्हायलाच डिसेंबर २०१७ उजाडलं. पैसा येतो तो दूरसंचार कंपन्यांच्या उत्पन्नातून कापल्या जाणाऱ्या हिश्श्यातून. म्हणजे रिचार्ज मारणारे आपण सगळेच यात थोडेथोडे आहोत.

(दृश्य : जॉइंटर, जवळून)

आता केबलचे जोड करणाऱ्या जॉइंटरचे हे हात बघा. निळी, नारिंगी, हिरवी, तपकिरी, करडी, पांढरी, लाल, काळी, पिवळी, जांभळी, गुलाबी, आकाशी. केबलमधल्या तारांच्या रंगांचा हा क्रम त्याला पाढ्यासारखा पाठ असतो. वरचं आवरण सोलल्यावर उरते १२५ मायक्रॉनची काच; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. त्यातही उजेड धावतो तो फक्त मधल्या ९ मायक्रॉनच्या गाभ्यातून. स्पिरिटनं पुसायचं, टोक काटकोनात कापायचं, दोन्ही टोकं मशीनमध्ये समोरासमोर धरायची. ठिणगी पडते, काच वितळून एक होते. धुळीचा कण राहिला की जोड वाया; पुन्हा सोला, पुन्हा कापा. म्हणून भर उन्हातही वर ताडपत्री बांधलेली असते.

(दृश्य : ग्रामपंचायत, भिंतीवरचा डबा)

केबल इथं पोहोचली की कागदावर गाव ‘सेवा-सज्ज’ होतं. दाखले, पीकविमा, शाळा, दवाखाना हे सगळं त्यापुढचं. डब्याला वीज नसली किंवा वाटेत कुणी केबल तोडली, तर गावकरी पुन्हा रेंज शोधत टेकडीवर.

(दृश्य : तुटलेली केबल, पुन्हा जॉइंटर)

तुटल्याची जागा यंत्र कार्यालयात बसून सांगतं. तिथवर जायला माणूस लागतो, आणि खोदाईच्या मानानं देखभालीकडे आजवर कमीच लक्ष गेलं. ऑगस्ट २०२३ मध्ये मंजूर झालेल्या १,३९,५७९ कोटींच्या सुधारित कार्यक्रमात ही बाजू आली आहे. केबल आता सरळ रेषेत न नेता वलयात फिरवायची, म्हणजे एकीकडे तुटली तरी दुसरीकडून वाट राहते. सोबत दहा वर्षांची देखभाल, आणि गावांमधल्या दीड कोटी घरांपर्यंत जोडणी.